गणपतीच्या देखाव्यात कृष्णविवर करतोय. मधे ठिपका लावायचा की कडं?

घोडबंदरकर | ९ ऑगस्ट, २३:४०

मंडळी, प्रश्न गंभीर आहे, हसू नका. आमच्या सोसायटीत (कोलशेत बाजूला, नाव सांगत नाही, निम्मे मेंबर इथेच वाचत असतात) यंदा गणपतीचा देखावा मुलांनी ठरवलाय, कृष्णविवर. गेल्या वर्षी किल्ला झाला, त्याच्या आधी झाडे लावा झालं, म्हणून कमिटीनेही हो म्हणून टाकलं. चार फुटी काळं वर्तुळ, भोवती नारिंगी एलईडीचा पट्टा, बाजूला माहितीचा फलक. इथपर्यंत सगळं गोडीत.

आज मीटिंगमधे फलकावरच्या एका ओळीवरून दीड तास गेला. बी विंगमधल्या एका काकांनी (रिटायर्ड, टँकरचा हिशेब तेच बघतात त्यामुळे त्यांच्याशी कोणी वाकडं घेत नाही) चित्र काढून आणलं, वर्तुळाच्या मधोमध चमकता ठिपका आणि खाली "सिंग्युलॅरिटी : येथे घनता अनंत". तर नववीतली एक पोरगी उठून म्हणाली काका, तारे फिरतात मग कृष्णविवरही फिरणार, आणि फिरणाऱ्याच्या मधे ठिपका नसतो, रिंग असते, केर नावाच्या माणसाने १९६३ साली काढलंय. तेवढ्यात माझा भाचा, इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष, मीटिंगमधले फुकटचे वडे खायला आलेला, तो म्हणतो त्याच केरने आता सांगितलंय की आत तसलं काहीच नसतं, सिंग्युलॅरिटी म्हणजे पन्नास-साठ वर्षांची अफवा.

म्हणजे ठिपका पार्टी, कडं पार्टी आणि काहीच-नाही पार्टी. मी सेक्रेटरी. फलक बुधवारी छापायला जायचाय. जाणकारांनी खरं काय ते सांगावं.

मीठमिरची | ९ ऑगस्ट, २३:५२

ठिपका लावा आणि मोकळे व्हा. येणारे लोक प्रसाद काय आहे ते बघतात.

पारसिक_बोगदा | १० ऑगस्ट, ००:०५

घनता अनंत आमच्या ६:४२ च्या बदलापूर फास्टमधे. देखावा तिथेच करा, खर्च शून्य.

गणिताच्या_बाई | १० ऑगस्ट, ०७:१५

पोरीचं नाव नका सांगू पण तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. नववीत एवढं वाचलंय म्हणजे कमाल आहे.

आधी फिरण्याचं. मंगळागौरीत फुगडी घालताना दोघी जवळ आल्या, हात आखडले की गरका वाढतो, हे बायकांना सांगायला लागत नाही. आपला सूर्य साधारण २५ दिवसांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो. एखादा मोठा तारा कोसळून काही किलोमीटरवर आला तर त्याची गिरकी केवढी वाढेल बघा. ती कुठे जिरत नाही, त्यामुळे अजिबात न फिरणारं कृष्णविवर हे पुस्तकातलं सोयीचं उदाहरण आहे, आकाशात ते जवळपास मिळणारच नाही. न फिरणाऱ्याचं उत्तर श्वार्झशिल्डने १९१६ मधेच दिलं, आइन्स्टाइनची समीकरणं येऊन वर्षही झालं नव्हतं. फिरणाऱ्याचं उत्तर सापडायला १९६३ उजाडलं, ते न्यूझीलंडच्या रॉय केरने काढलं. ४७ वर्षं लोक डोकं आपटत होते.

काकांचा ठिपका हा श्वार्झशिल्डचा, आणि खरं सांगायचं तर तो तिथेही ठिपका नाही. क्षितिजाच्या (म्हणजे विवराची हद्द, ती ओलांडली की परत फिरणं नाही) आत गेलं की मध्याकडची दिशा ही दिशा राहत नाही, ती वेळ होते. गणपतीनंतर पितृपक्ष येतो, तुम्ही कुठेही तोंड फिरवा तो चुकत नाही, तसं. म्हणजे ती जागाच नाही, येणारी घटका आहे, तिला ठिपक्याने दाखवायचं कसं? आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर जे ४३ लाख सूर्यांच्या वजनाचं विवर आहे ते फिरत नाही असं धरलं, तर क्षितिज ओलांडल्यावर जास्तीत जास्त ६६ सेकंद मिळतात. हातपाय मारले तर कमीच.

केरच्या गणितात मात्र ती घटका नसून खरोखर जागा आहे, कड्याच्या आकाराची. आणि गंमत म्हणजे ते कडं चुकवता येतं. बरोब्बर विषुववृत्ताच्या पातळीतून आलेला सोडला तर दुसरं कोणी त्याच्यावर आपटतच नाही.

साडेसातची_ठाणे_वाशी | १० ऑगस्ट, ०७:४८

बाई काय सुंदर लिहिलंय, ट्रेनमधे उभ्याने वाचलं, ऐरोली गेली कळलंच नाही (उतरायचं तिथेच होतं).

अर्धवट_अभियंता | १० ऑगस्ट, ०९:३०

कडं पार्टीला पाठिंबा, आकडेमोडीसह. २०१५ साली लायगोने (गुरुत्वीय लहरी पकडणारी अमेरिकेतली वेधशाळा) पहिल्यांदा जी टक्कर पकडली त्यात ३६ आणि २९ सूर्यांची दोन विवरं मिळून ६२ सूर्यांचं एक झालं, उरलेले ३ सूर्य गुरुत्वीय लहरींत गेले. नव्या विवराची गिरकी कमाल मर्यादेच्या साधारण ०.६७. त्यावरून कड्याची त्रिज्या ६१ किमी येते. लोकलने ठाण्याहून भिवपुरी गाठायला जेवढं अंतर, साधारण तेवढं. केरच्या मूळ पद्धतीच्या मापात त्याचं क्षितिज विषुववृत्तावर १७१ किमी. म्हणजे तुमचं वर्तुळ ४ फुटी तर कडं १७ इंच.

रच्याकने, यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत ना? ती टक्कर १४ सप्टेंबर २०१५ लाच सापडली होती, आपल्या घड्याळात दुपारी ३:२० ला. फलकावर टाका, लोकांना असलं आवडतं.

घोडबंदरकर | १० ऑगस्ट, ०९:५५

तारखेचं भारी आहे, नक्की टाकतो!! आणि १७ इंच म्हणाल तर पार्किंगमधे लहान मुलाची १६ इंची सायकल दोन वर्षं धूळ खात पडलीय, मालक कोण कोणाला माहीत नाही. रिम काढून सोनेरी रंग मारला तर फुकटात काम.

पण बाई, मग भाचा म्हणतो ते काय? त्याने मला लिंकही पाठवलीये, मला पहिल्या पानाच्या पुढे झेपलं नाही.

तुर्भेकर | १० ऑगस्ट, ११:२०

भाचा अर्धा बरोबर आहे. केरने डिसेंबर २०२३ मधे लेख टाकला, वय तेव्हा ८९. शीर्षकच प्रश्नार्थक, कृष्णविवरांत सिंग्युलॅरिटी असतात का, अशा अर्थाचं. त्याचा रोख पेनरोजवर आहे.

थोडा मागचा संदर्भ. १९६५ मधे पेनरोजने तीन पानी लेखात सिद्ध केलं की एकदा वस्तू इतकी आकसली की तिथून बाहेर सोडलेला प्रकाशही आतच वळतो, तर पुढे सिंग्युलॅरिटी टळत नाही, तारा वाकडातिकडा असला तरी. २०२० चं अर्धं नोबेल त्याचंच. तेव्हापासून सगळे धरून चालले की आत अनंत घनता आहे, सिद्ध झालंय, विषय संपला. केर म्हणतो विषय संपलेला नाही, कारण जे सिद्ध झालं ते वेगळंच आहे.

रोखठोक | १० ऑगस्ट, ११:३१

आत कोणी जाऊन आलंय का? नाही. जाऊन आलेला सांगू शकतो का? नाही. मग ह्यावर तिघांनी भांडायचं म्हणजे पत्रिका बघण्यासारखंच झालं की. दिवे घ्या.

गणिताच्या_बाई | १० ऑगस्ट, १४:०५

रोखठोक, तुमच्याकडे येते, आधी तुर्भेकरांचं पुरं करू दे.

पेनरोजच्या सिद्धतेत घनता हा शब्दच नाही हो. त्याचा मुख्य आधार अमलकुमार रायचौधुरींचं १९५५ चं समीकरण, कोलकत्यात बसून काढलेलं. ते सांगतं की पदार्थाचं गुरुत्व ओढणारं असेल तर शेजारी शेजारी निघालेल्या वाटा एकमेकींकडे झुकत जातात आणि एकत्र येतात. त्यावरून पेनरोजने दाखवलं की विवराच्या आत प्रकाशाची निदान एक तरी वाट अपुरी राहते. मोजायला घेतली तर मोजकीच भरते, पुढे नाही. बस. ती का थांबली, तिथे काय आहे, ठिपका आहे की कडं, वक्रता (अवकाश किती वाकलाय त्याचं माप) अनंत झाली की नाही, यातलं काहीही प्रमेय सांगत नाही. १९७० च्या दशकापासून पुस्तकांत सिंग्युलॅरिटीची व्याख्याच अशी केलेली आहे की वाट अपुरी राहणे. आणि मग आपण सगळे बोलताना ती व्याख्या विसरतो आणि अनंत घनता म्हणतो. मीही वर्गात वर्षानुवर्षं तसंच सांगितलंय, कबूल करते.

केर नेमकं तिथे बोट ठेवतात. त्यांच्याच विवरात क्षितिजाला चिकटून असलेले किरण आहेत, ते त्या पट्टीने मोजले तर मोजकेच भरतात, पण आजूबाजूला सगळं शांत, वक्रता साधी, मर्यादित. म्हणजे वाट मोजकी आहे म्हणून शेवटी खड्डा आहे असं होत नाही. आणि दुसरा मुद्दा मला जास्त पटला. ते म्हणतात माझ्या उत्तरातलं कडं म्हणजे आतल्या खऱ्या कोसळलेल्या ताऱ्याच्या जागी ठेवलेली बाहुली आहे. पृथ्वीचं बाहेरचं गुरुत्व काढताना सगळं वस्तुमान मध्यबिंदूत धरलं तरी उत्तर बरोबर येतं, म्हणून पृथ्वीच्या पोटात खरंच तसा बिंदू आहे असं कोणी म्हणतं का?

मीठमिरची | १० ऑगस्ट, १४:२०

बाहुली! म्हणजे नववीतल्या पोरीला ज्याने कडं दिलं त्यानेच काढून घेतलं. सासरच्या दागिन्यांसारखं.

कांदेपोहे | १० ऑगस्ट, १४:४४

हहपुवा

अवांतर : सिंग्युलॅरिटीला मराठीत काय म्हणायचं? फलक मराठीत असेल ना. कुठेतरी "अनंतबिंदू" वाचल्यासारखं वाटतंय.

अर्धवट_अभियंता | १० ऑगस्ट, १४:५०

बिंदू आहे की नाही ह्यावरच भांडण आणि नावातच बिंदू? ठिपका पार्टीची घुसखोरी आहे ही.

साडेसातची_ठाणे_वाशी | १० ऑगस्ट, १५:१०

कृष्णविवर शब्द मात्र इंग्रजीपेक्षा छान आहे, विवर म्हटल्यावर आत शिरायला जागा आहे असं वाटतं. सिंग्युलॅरिटीला "गोची" म्हणा.

गणिताच्या_बाई | १० ऑगस्ट, १५:३५

आपल्याकडे वाट खुंटणे आहे की. प्रमेय शब्दशः तेवढंच म्हणतं. खुंटलेली वाट.

घोडबंदरकर | १० ऑगस्ट, १५:५०

आवडलं. पण मग काहीच-नाही पार्टी जिंकली का? भाचा डोक्यावर बसेल.

तुर्भेकर | १० ऑगस्ट, १८:१५

भाच्याला इतक्यात काही सांगू नका. तीन अडचणी आहेत.

पहिली, केरवर लगेच उत्तरं आली. क्षितिजाला चिकटलेले ते किरण मोजके भरतात कारण नकाशा मधेच कापलाय, गणिती नकाशा मोठा केला तर त्या वाटा पुढे चालू राहतात, त्यामुळे पेनरोजचं प्रमेय त्याने मोडत नाही. केरची बाजू घेणारा म्हणेल की तो वाढीव नकाशा खऱ्या ताऱ्यापासून झालेल्या विवराला लागूच नाही, कारण त्या जागी भूतकाळात तारा होता. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. अनंत घनता सिद्ध झालेली नाही इतपत केर बरोबर, पण ती नाहीच हे त्यानेही सिद्ध केलेलं नाही. प्रमेय थोडं बोलतं म्हणून उलटं खरं होत नाही.

दुसरी, असा दावा आधीही झालाय. १९६३ लाच रशियात लिफ्शित्झ आणि खलात्निकोव्ह यांनी म्हटलं होतं की सिंग्युलॅरिटी ही फार गोल गरगरीत उदाहरणं घेतल्याने दिसते, खडबडीत खऱ्या जगात नसणार. मग पेनरोज आला, त्यांनी परत हिशेब केला, बेलिन्स्की तिसरा सोबतीला घेतला आणि १९७० च्या सुमारास आधीचं म्हणणं मागे घेतलं. नव्या हिशेबात खडबडीत सिंग्युलॅरिटी निघाली, तिच्याकडे जाताना अवकाश एका दिशेने ताणतो दुसऱ्या दिशेने चेपतो, मग दिशा बदलतात, असं होतच राहतं, कणीक मळल्यासारखं.

तिसरी खरी मोठी, ती रात्री लिहितो, आता पूल ओलांडायचाय.

पारसिक_बोगदा | १० ऑगस्ट, १८:४०

संध्याकाळी सव्वासहाला पूल ओलांडायचाय म्हणणारा माणूस सिंग्युलॅरिटीवर लिहायला पात्र आहे. +१

तुर्भेकर | १० ऑगस्ट, २२:३०

तिसरी अडचण पुलाचीच आहे, खरंच.

फिरणाऱ्या विवराला दोन क्षितिजं असतात. बाहेरचं सगळ्यांना माहितीये, घोडबंदर रोडला शुक्रवारी संध्याकाळी शिरल्यासारखं, आत जाता येतं परत फिरता येत नाही. त्याच्या आत दुसरं. बाईंनी सांगितलं ना की आत मध्याकडची दिशा वेळ होते, ते या आतल्या क्षितिजापर्यंतच. ते ओलांडलं की ती परत साधी दिशा होते, म्हणून कडं चुकवता येतं, केरचा तारा तिथे निवांत बसू शकतो वगैरे. ह्या सगळ्या गोष्टी आतल्या क्षितिजाच्या पलीकडच्या. आणि तिथवर धडपणे पोचता येतं का हाच प्रश्न आहे.

पेनरोजनेच १९६८ च्या सुमारास लक्षात आणून दिलं की बाहेरच्या जगाचा पुढचा सगळा काळ, त्यात येणारा सगळा प्रकाश, आतल्या क्षितिजाशी पोचणाऱ्यावर एकदम कोसळतो. १९७३ मधे सिम्पसन आणि पेनरोजने गणित करून अस्थिरता दाखवली. १९९० मधे पॉइसन आणि इस्रायल यांनी पुढचं दाखवलं. आत येणारा झोत आणि बाहेरच्या दिशेने निघालेला झोत एकमेकांतून आरपार जातात तेव्हा तिथलं गुरुत्व बेसुमार वाढत जातं. स्टेशनच्या पुलावर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी घुसले की काय होतं? पुलावर माणसं तेवढीच पण रेटा दसपट. तसंच. याला वस्तुमानाची फुगवटा असं काहीसं म्हणतात, फक्त हे फुगणं बाहेरून कळत नाही.

म्हणजे केरचं स्वच्छ शांत अंतरंग हे रिकाम्या पुलाचं चित्र आहे. खऱ्या विश्वात निदान महास्फोटाचा उरलेला प्रकाश तरी सतत आत पडतोय, पूल रिकामा कधीच नसतो.

गणिताच्या_बाई | १० ऑगस्ट, २३:१०

पुलाची उपमा घेतली, आता ही माझी. (एकच दुरुस्ती, फुगवटा पुल्लिंगी आहे, "वस्तुमानाचा फुगवटा". सवय जात नाही.)

यात भर घालते. २०१७ मधे डाफेर्मोस आणि लुक या दोघा गणितज्ञांनी शेकडो पानी सिद्धता दिली. बाहेरून विवर स्थिर राहतं असं धरलं तर आतलं क्षितिज पूर्ण उद्ध्वस्त होत नाही. अवकाशाचं कापड तिथे फाटत नाही, पण त्याला अशी धारदार चुणी पडते की वक्रता मोजायला गेलं तर हाताबाहेर जाते. तिला सौम्य सिंग्युलॅरिटी म्हणतात. सौम्य कारण तिथून जाणारा माणूस मोजकाच चेपला जाईल, कदाचित. पण आइन्स्टाइनची समीकरणं पुढे काय होईल ते ठामपणे सांगू शकत नाहीत.

आणि पेनरोजची खुंटलेली वाट? केरच्या विवरात ती आतल्या क्षितिजाशीच खुंटते. कड्यापर्यंत जायची गरजच पडत नाही. म्हणून मला विचाराल तर फिरणाऱ्या विवरात सिंग्युलॅरिटी असेल, तर ती पहिल्यांदा मधे भेटत नाही, आतल्या क्षितिजावर भेटते. ठिपकाही नाही, कडंही नाही, एक पडदा.

कांदेपोहे | १० ऑगस्ट, २३:१८

चौथी पार्टी!!! घोडबंदरकर तुमची मीटिंग आता पहाटेपर्यंत.

घोडबंदरकर | १० ऑगस्ट, २३:२५

मी राजीनामा देतोय.

येऊरचा_बिबट्या | ११ ऑगस्ट, ००:४०

मला ते कड्याच्या पलीकडचं आवडतं. १९६८ मधे ब्रॅंडन कार्टरने दाखवलं ना की कड्याजवळ अशा वाटा आहेत ज्या फिरून आपल्याच भूतकाळात येतात. २००३ मधे जाऊन घोडबंदरला एक टू बीएचके बुक करून यावं म्हणतो.

तुर्भेकर | ११ ऑगस्ट, ०८:३०

बिबट्या, तोच तर भाग कोणी गंभीरपणे घेत नाही. कड्यातून पलीकडे गेलं की गुरुत्व ढकलायला लागतं, भूतकाळात जाता येतं, हे सगळं आतल्या क्षितिजाच्या पलीकडच्या त्या रिकाम्या गणिती नकाशात. पुलावरच चेंगरल्यावर पलीकडच्या रिक्षाचं भाडं कशाला विचारायचं.

रोखठोक | ११ ऑगस्ट, ०९:१२

बाई माझ्याकडे येणार होत्या. परत विचारतो, न दिसणाऱ्या गोष्टीवर पार्ट्या का?

गणिताच्या_बाई | ११ ऑगस्ट, १०:००

आले. बाहेरचं दिसतं आणि ते केरशी जुळतं. एम८७ नावाच्या दुसऱ्या दीर्घिकेच्या मधल्या, ६५० कोटी सूर्यांच्या विवराचा फोटो १० एप्रिल २०१९ ला आला, आपल्या आकाशगंगेतल्याचा १२ मे २०२२ ला. विवर धक्का बसल्यावर घंटेसारखं घुमतं हे आपल्या सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० मधेच दाखवलेलं आणि लायगोच्या नोंदींत शेवटी ती घुमणारी शेपटी दिसते. पण हे सगळं क्षितिजाच्या बाहेरचं. आतलं काहीही यातून कळत नाही, हे तुमचं शंभर टक्के खरं.

तरी भांडायचं कशासाठी, तर आतच सापेक्षतावाद स्वतःच्या तोंडाने म्हणतो की माझं इथे संपलं. दुसरा कुठला सिद्धांत इतका प्रामाणिक आहे सांगा. पत्रिकावाला कधी म्हणतो का की इथून पुढे मला दिसत नाही?

रोखठोक | ११ ऑगस्ट, १०:०६

शेवटचं वाक्य आवडलं, गप्प बसतो. तात्पुरता.

मराठवाड्याचा_माणूस | ११ ऑगस्ट, १०:४०

लायगो निघालाच आहे तर सांगतो, भारतातली लायगो आमच्या हिंगोलीत होतेय, औंढा नागनाथजवळ. २०२३ मधे केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. मी कोपरखैरण्यात राहतो, गावाकडचे विचारतात ते नेमकं काय करणार, मी म्हणतो दोन विवरं आपटली की इथे चार किलोमीटरच्या नळीची लांबी प्रोटॉनपेक्षाही कमी हलते, ते मोजणार. काका म्हणाले आधी एसटी वेळेवर मोजा.

साडेसातची_ठाणे_वाशी | ११ ऑगस्ट, १०:५५

महाराष्ट्राचा विषय निघालाय तर अभय अष्टेकर राहिले की! शिरपूरचे. १९८६ मधे त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली, त्यावर लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली. त्यात अवकाशालाच कण असतात, त्यामुळे अनंतापर्यंत चेपणं होतच नाही, एका मर्यादेला उसळी बसते.

मीठमिरची | ११ ऑगस्ट, ११:०२

शिरपूर म्हटलं की आमचे नाशिकचे पाहुणेही म्हणतात आपल्याच बाजूचे.

तुर्भेकर | ११ ऑगस्ट, ११:३०

ताई, बरोबर, पण ही उसळीची गणितं मुख्यतः न फिरणाऱ्या विवरासाठी झालीत. फिरणारं तिथेही अवघड आहे. म्हणजे जे आकाशात खरं आहे तेच कागदावर सगळ्यात कठीण. नारळीकर सर आयुष्यभर विश्वाच्या सुरुवातीच्या सिंग्युलॅरिटीवर शंका घेत राहिले, लोकांनी फार ऐकलं नाही, पण शंका घ्यायची असते हे आमच्या पिढीला त्यांनीच शिकवलं.

अर्धवट_अभियंता | ११ ऑगस्ट, १२:१५

मूळ मुद्द्यावर. देखाव्यात कडं काढून टाका, माझे १७ इंच मागे घेतो. त्याऐवजी बाहेरचं नीट करा, ते तरी नक्की माहितीये. एलईडीचा पट्टा सगळीकडे सारखा नको, एका बाजूला प्रखर दुसरीकडे मंद. आपल्याकडे येणारा वायू उजळ दिसतो, लांब जाणारा अंधुक. एम८७ च्या फोटोत खालची बाजू म्हणूनच जास्त उजळ आहे. आणि काळ्यासाठी ऑइल पेंट नको, चमकतो. काळी मखमल घ्या, बोहरी आळीत नाहीतर ठाण्यात जांभळी नाक्याला मिळेल. थर्माकोल आणू नका, बंदी आहे.

गणिताच्या_बाई | ११ ऑगस्ट, १३:००

फलकासाठी माझा मसुदा, चार ओळी :

तारे फिरतात, म्हणून कृष्णविवरंही फिरतात. फिरणाऱ्या कृष्णविवराचं गणित रॉय केर यांनी १९६३ मध्ये मांडलं. बाहेरचं चित्र त्याच्याशी जुळतं. आत कुठेतरी प्रकाशाची वाट खुंटते हे पेनरोज यांनी १९६५ मध्ये दाखवलं, पण ती कुठे आणि कशी खुंटते यावर केर यांच्यासह सगळ्यांचा वाद अजून चालू आहे.

कांदेपोहे | ११ ऑगस्ट, १३:०८

बाई "चार ओळी" मधे सहा ओळी बसवल्यात, हेही कृष्णविवरच.

प्रशासक | ११ ऑगस्ट, १३:३०

घोडबंदरच्या वाहतुकीवरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.

घोडबंदरकर | १२ ऑगस्ट, २३:०५

अपडेट. बाईंचा मसुदा काल रात्री वाचून दाखवला. बी विंगच्या काकांनी दोनदा ऐकला, चष्मा काढला, म्हणाले म्हणजे मी लिहिलेलं "घनता अनंत" हे कोणीच सिद्ध केलेलं नाही? म्हटलं नाही काका. म्हणाले मग शाळेत का सांगतात. मी गप्प. पोरीचं तोंड थोडं उतरलं होतं कडं जाणार म्हणून, तिला आतलं क्षितिज समजावून सांगितलं (तुर्भेकरांचा पूल जसाच्या तसा ढापला), तर ती म्हणाली मखमलीच्या आत अजून एक गोल शिवूया, काळ्यावर काळा, जवळ आलं तरच दिसेल. ते मंजूर झालं. मधे काही नाही. भाचा म्हणाला मीच जिंकलो, त्याला मखमल आणायला पाठवलाय.

फलक आज छापायला गेला. तारखेची ओळही टाकलीये, दुपारी ३:२० सकट.

एकच घोटाळा. मीटिंगआधी उत्साहात आम्ही त्या सायकलची रिम काढून सोनेरी स्प्रे मारून बसलो होतो. सायकल काकांच्या नातवाची निघाली. तो पुण्याहून गणपतीला येतोय. ठाण्यात १६ इंची रिम कुठे मिळेल कोणाला माहितीये का?

पारसिक_बोगदा | १२ ऑगस्ट, २३:११

सोनेरीच बसवा परत. नातू खूश होईल.